लग्न होईतवर खेळू दे

“खेलूं दे गो बाय, लगीन होईतवर खेलूं दे.”

हे वाक्य मी माघी गणपतीच्या दिवसांत रोह्याजवळच्या एका गावात ऐकलं. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मैदानावर दिव्यांचा झोत, पाणी मारून दाबलेली माती, आणि पुरुषांच्या दोन सामन्यांच्या मधल्या फटीत बसवलेला मुलींचा सामना. पेणच्या बाजूच्या संघातली एक वीस वर्षांची मुलगी डावा कोपरा सांभाळत होती. समोरची चढाईला आली, बोनससाठी तिने पाय टाकला, आणि हिने तिचा घोटा असा धरला की पंचाची शिट्टी होईपर्यंत सोडलाच नाही. सगळं मैदान ओरडलं. माझ्या शेजारी तिची आई बसली होती, लेकीची बॅग मांडीवर घेऊन. मी म्हटलं, “वयनी, पोरीला पुढे पाठवा. राज्याच्या संघात जाईल अशी आहे.” त्यावर तिने हसून मला वरचं उत्तर दिलं.

मी गप्प बसले. इतकी वर्षं बायकांच्या संघटनेत काम करते. हुंडा, मारहाण, पोटगी, दारू, या सगळ्यावर मला तोंड आहे. या एका वाक्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. मैत्रिणींनो, ते राहून गेलेलं उत्तर मी इथे लिहिते आहे.

आईला दोष द्यायचा नाही, हे आधी सांगते. या बाईने नवऱ्याशी भांडून लेकीला हाफ पँट घालू दिली. सरावाहून यायला उशीर झाला की ती नाक्यापर्यंत येऊन उभी राहिली. भावकीचे टोमणे झेलले. तिच्या परीने ती एक लढाई जिंकलेली आहे. पण तिने मिळवलेली परवानगी मुदतीची आहे आणि मुदत संपण्याची तारीख दुसरंच कुणीतरी ठरवणार आहे. मुलग्याला आपल्याकडे कुणी “लग्न होईपर्यंत खेळ” म्हणतं का? त्याला म्हणतात, “खेळ, पोलिसात लागशील, रेल्वेत लागशील.” त्याच्या खेळातून नोकरी निघते, नोकरीतून लग्न निघतं. तिच्या खेळाच्या शेवटी लग्न उभं असतं. त्याच्या खेळाला आपण कारकीर्द म्हणतो, तिच्या खेळाला हौस. आणि हौस काय, फिटली की संपते.

त्या रात्री परत येताना मला लुआन जूजिए आठवली. नाव परकं आहे, तरी जरा थांबून तिची गोष्ट ऐका. ही चीनमधल्या नानजिंगची तलवारबाज. जन्म १९५८ चा. तिचं हत्यार फॉइल, म्हणजे तलवारबाजीतल्या तीन हत्यारांतलं ज्यात फक्त धडावर टोक लावायचं ते. १९७८ साली माद्रिदला जागतिक युवा स्पर्धेत खेळताना प्रतिस्पर्धी मुलीचं पातं मोडलं आणि मोडलेलं टोक हिच्या दंडात घुसलं. ती तशीच खेळत राहिली आणि रौप्यपदक घेऊन परतली. तलवारबाजी तोवर युरोपची मिरासदारी होती. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या कॉर्नेलिया हानिशला तिने अंतिम लढतीत ८-३ असं हरवलं. तलवारबाजीत ऑलिंपिकचं सुवर्ण मिळवणारी आशियातली ती पहिलीच.

आपल्याकडे अशी गोष्ट सांगणारे इथेच थांबतात. दंडातून रक्त वाहतंय, पोरगी देशासाठी खेळतेय, टाळ्या! बाईने रक्त सांडलं की ती थोर, हे आपल्याला फार लवकर पटतं. प्रसूतीत सांडलं तरी थोर, मैदानात सांडलं तरी थोर. मला त्या जखमेत तेवढा रस नाही. दुखापत झालेल्या मुलीला बाहेर काढून दवाखान्यात न्यावं, एवढंच मला त्यातून कळतं.

मला रस आहे तो पुढच्या गोष्टीत. १९८८ ला ती सोलला खेळली. त्यानंतर कॅनडातल्या एडमंटनमध्ये स्थायिक झाली, तिथे मुलामुलींना तलवारबाजी शिकवू लागली, आई झाली. आणि २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, कॅनडाकडून पुन्हा उतरली. त्यावरही थांबली नाही. २००८ ला ऑलिंपिक बीजिंगला होतं. जुलैत तिची पन्नाशी झाली आणि ऑगस्टमध्ये ती आपल्या जन्मदेशात, दुसऱ्या देशाच्या पोशाखात, तलवार घेऊन उभी राहिली. पहिली लढत जिंकली, पुढची हरली, आणि चिनी अक्षरांतला एक फलक उलगडून तिने मातृभूमीला नमस्कार केला. पदक नाही, काही नाही. माद्रिदपासून बीजिंगपर्यंत तीस वर्षं. याला म्हणतात कारकीर्द. तिच्यात पदकाची वर्षं आहेत, विनापदकाचीही आहेत, मुलं आहेत, शिकवणं आहे, परत येणं आहे.

यावर मला ठाऊक आहे काय म्हणाल. एका बैठकीत आमच्याच एका मैत्रिणीने म्हटलंही, “अगं, ती चीनची. तिथे सरकार उचलून धरतं.” चीनच्या सरकारची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. कोवळ्या पोरांना घरापासून तोडून पदकांसाठी घासणारी ती व्यवस्था मला आपल्या मुलींसाठी नको आहे. पण नीट बघा, सरकारने तिला १९८४ च्या पदकापर्यंत आणलं. सिडनी आणि बीजिंगला ती गेली ते सरकारला हवं होतं म्हणून नव्हे, तिला खेळायचं होतं म्हणून. आणि तिला खेळता आलं, कारण तिच्या नव्या गावात क्लब होता, त्याचं दार मुलांच्या आईलाही उघडं होतं, आणि चाळीस वर्षांच्या बाईने तलवार हातात घेतली तर कुणी “आता काय हिचं” म्हणून अडवत नव्हतं. क्लब, उघडं दार, वेळ. यात चमत्कार कुठे आहे?

तरी तिच्या खेळातही बाईला सरळ वाट नव्हती. ऑलिंपिकमध्ये १९२४ साली बायकांना तलवारबाजीत घेतलं ते फक्त फॉइलसाठी. फॉइल हलकं, नाजूक, म्हणून बायकांना शोभणारं! एपी हे हत्यार बायकांना मिळालं १९९६ ला आणि सेबर २००४ ला. ऐंशी वर्षं गेली. १९८४ साली पुरुषांची लढत दहा गुणांची असे आणि बायकांची आठ, म्हणून तो निकाल ८-३ असा आहे. आपल्या भवानी देवीने टोकियोत २०२१ साली सेबर हातात घेऊन लढत जिंकली, ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. ती वीस वर्षं आधी जन्मली असती तर ते हत्यार तिच्या हातात पडलंच नसतं.

आता हे सगळं दूरचं वाटत असेल तर आपल्या मातीतल्या कबड्डीकडे या. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. बायकांचं १२ आणि ८. पुरुषांचा डाव वीस मिनिटांचा, बायकांचा पंधरा. का? चौदा तास राबणाऱ्या बाईला पाच मिनिटं जास्त झेपणार नाहीत म्हणून? आशियाई स्पर्धांत पुरुषांची कबड्डी आली १९९० ला बीजिंगमध्ये, बायकांची आली २०१० ला ग्वांगझूमध्ये. मधली वीस वर्षं ज्या मुली खेळून खेळून थकल्या आणि लग्न करून गेल्या, त्यांचा हिशेब कोण देणार? रायगड म्हणजे कबड्डीचा जिल्हा असं छातीठोक सांगणाऱ्यांनी तो द्यावा.

बायका संधी मिळाली की काय करतात तेही सांगते. २०१२ ला पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक झाला, भारताने जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या, दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के. राज्य सरकारने प्रत्येकीला एक कोटीचं बक्षीस जाहीर केलं. चांगलं केलं. पण बक्षीस हे शिखरावर पोचलेलीला मिळतं. पायथ्याशी जिची चप्पल तुटली तिला कोण विचारतो? २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली, टीव्हीवर घराघरांत पोचली, २०१८ च्या लिलावात पुरुष खेळाडूंवर कोटीच्या बोली लागल्या. मधे २०१६ ला त्याच मंडळींनी बायकांसाठी तीन संघांची एक छोटी स्पर्धा भरवून पाहिली. अभिलाषा त्यातल्या एका संघाची कर्णधार होती. २०१७ ला ती स्पर्धा आलीच नाही. आमच्याकडच्या मुली त्या वर्षी टीव्हीसमोर वाट बघत होत्या.

आणि शैलजा जैन? हे नाव प्रत्येक संघटनेच्या भिंतीवर लागायला हवं. नाशिकमध्ये या बाईने कित्येक वर्षं मुलींना कबड्डी शिकवली. भारताच्या संघाची प्रशिक्षक होण्याची संधी तिला मिळाली नाही. इराणने बोलावलं, ती गेली. परका देश, परकी भाषा, वेगळं खाणंपिणं. ती फारसी शिकली, तिथल्या मुलींना तिने उभं केलं, आणि २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं हरवलं. आपल्याकडे त्या दिवशी सुतक होतं. मला मात्र, खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी बरं वाटलं. लुआनला एडमंटनने जागा दिली, शैलजाताईंना तेहरानने. बाईचं कसब घरात मावत नाही, मग ते बाहेर जातं.

आता पेण-रोह्याकडे परत येते. इथल्या मुलींचं शरीर खेळाला पुरत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याने हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत एक दिवस काढावा. ओल्या मूर्ती उचलून उन्हाला ठेवायच्या, पुन्हा आत घ्यायच्या, रंगाला बसायचं. पेणच्या पापडांची लाटणी बघावी, खारपट्टीतली भातलावणी बघावी. धाटावच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या बायका घरी येऊन पुन्हा चुलीपुढे उभ्या राहतात त्या बघाव्यात. बाळंत होऊन दीड महिन्यात डोक्यावर हंडा घेणाऱ्या सुनेला कुणी म्हटलंय का, “आता तुझ्या शरीराला झेपायचं नाही”? हंडा झेपतो, चढाई झेपत नाही! शरीर तेच असतं. फरक एवढाच की हंडा घरासाठी आहे आणि चढाई तिच्या स्वतःसाठी आहे.

खेळाचं मैदान ही तर बाईला न दिलेली जमीनच. सेझच्या वेळी, २१ सप्टेंबर २००८ ला, पेण तालुक्यातल्या २२ गावांत जमिनीच्या प्रश्नावर जनमत घेतलं गेलं. त्या लढ्यात बायका होत्या, जमीन आमचीही आहे असं म्हणत होत्या. पण गावातलं जे सार्वजनिक मैदान, त्यावर संध्याकाळी पाच ते आठ क्रिकेटवाले मुलगे असतात, आठनंतर मंडळाचे खेळाडू. मुलींना मिळते दुपारची वेळ, ऊन डोक्यावर असताना, किंवा शाळेचं आवार, तेही मुख्याध्यापकांच्या मर्जीवर. रोह्याकडच्या एका गावात आम्ही मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारायला गेलो, तेव्हा एक जण म्हणाला, “ताई, मैदान सगळ्यांचं आहे, पण दिव्याचं बिल मंडळ भरतं.” मंडळाची वर्गणी कोणाच्या घरातून जाते, भाऊ? तुमच्या आईच्या पापडाच्या पैशातून जाते की नाही? तो हसला. त्या मंडळाच्या कार्यकारिणीत एकही बाई नव्हती आणि पत्रकावर पुरुषांच्या पहिल्या बक्षिसाच्या शेजारी मुलींचा सामना “प्रदर्शनीय” म्हणून छापलेला होता. म्हणजे बघण्यापुरता. हा शब्द वाचून कुणाला काहीच वाटलं नाही, छापणाऱ्याला नाही आणि आम्हालाही, खरं सांगायचं तर, दुसऱ्या वेळी वाचताना खटकला.

इथे मला आपल्याकडे बोट करायचं आहे. मंडळवाले वाईट, सासरचे वाईट, सरकार वाईट, हे सोपं आहे. आपण काय केलं? खेळ म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, आधी रेशन, आधी मारहाण, मग बाकीचं, असं आपण मानत आलो. पाच वर्षांपूर्वी आम्ही पेणला किशोरींचं शिबिर घेतलं होतं. शेवटच्या सत्रात मुलींना विचारलं, तुम्हाला काय हवं? अर्ध्या मुलींनी लिहून दिलं, “मैदान.” आम्ही त्या चिठ्ठ्या वाचल्या, कौतुक केलं आणि पुढच्या शिबिरात रक्तक्षय व आहार यावर व्याख्यान ठेवलं. चिठ्ठ्या फाइलला लागल्या. मीच लावल्या.

आणि आपण मैदान मागत नाही म्हटल्यावर दुसऱ्यांनी आपल्याला खेळ दिला. आठ मार्चला गावोगाव काय होतं? “खेळ पैठणीचा.” कुणी नेता किंवा होणारा नेता मांडव घालतो, निवेदक येतो, बायका संगीत खुर्ची खेळतात, उखाणे घेतात, फुगे फोडतात, जिंकणारीला पैठणी. बायका दोन तास मनमोकळ्या हसतात, त्यांच्या हसण्यावर माझा राग नाही. वर्षातून दोन तास का होईना, त्या धावतात! पण ज्या बाईला धावायला आवडतं तिला पैठणी देऊन घरी पाठवायचं आणि मैदान मुलग्यांकडे ठेवायचं, ही व्यवस्था आपल्याला दिसत कशी नाही? त्या मांडवात आपल्यातल्याही काही जणी पाहुण्या म्हणून बसतात. मी बसलेली आहे.

“मुलींची सुरक्षा कोण बघणार?” हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो आणि तो खोटा नाही. २०२३ साली देशाच्या नामवंत कुस्तीगीर मुलींना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं. ज्यांच्या गळ्यात पदकं होती त्यांची ही गत, तर तालुक्याच्या मुलीचं काय! पण यावर उत्तर म्हणून मुलीलाच घरी बसवायचं, हा जुना डाव आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा काढून वाचा. त्यात ‘कामाची जागा’ म्हणजे काय हे सांगताना क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जिल्ह्याच्या पातळीवर तक्रार समिती आहे. कार्यालयांतल्या समित्यांसाठी आपण पत्रं लिहितो. एखाद्या कबड्डी संघटनेला, एखाद्या प्रशिक्षण केंद्राला आपण कधी विचारलं का, तुमची समिती कुठे आहे? मुलींबरोबर स्पर्धेला बाई व्यवस्थापक जाते का, कपडे बदलायला खोली आणि संडास आहे का, हे विचारायला गेलो का?

महाराष्ट्राने पहिलं महिला धोरण १९९४ ला आणलं, चौथं २०२४ ला. तीस वर्षांत कागद बराच झाला. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे गुण आहेत. पण त्या दाखल्यापर्यंत पोचायला मुलीला आधी खेळत राहावं लागतं, बावीस-तेवीसपर्यंत तरी. तिच्या हातून दाखला निसटतो तो एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी, हळद लागते तेव्हा. म्हणून माझं म्हणणं आहे की हा प्रश्न क्रीडा खात्याचा म्हणून सोडून देऊ नका. हा लग्नाचा प्रश्न आहे, श्रमाचा आहे, जमिनीचा आहे, म्हणजे आपलाच आहे.

आम्ही काय ठरवलंय ते सांगते. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे, ती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती होते. या वेळी आमच्या चार गावांत त्या सभेत एकच ठराव मांडायचा: संध्याकाळी सहा ते साडेसात मैदान मुलींचं आणि बायकांचं, दिवे लावून, आणि त्या वेळेला लग्न झालेल्या बायकांनाही मज्जाव नाही. लग्न झालेल्या हा शब्द मुद्दाम घातला आहे. एका गावात त्यावरूनच वाद झाला. “सुना मैदानात उतरणार?” असं एका आजीने विचारलं. मग थोडा वेळ थांबून तीच म्हणाली, आमच्या लहानपणी आम्ही पण हुतूतू खेलायचो, लगीन झाल्यावर कोणी बोलावलंच नाय. ठरावावर तिचा अंगठा आहे.

आणि त्या डाव्या कोपऱ्यातल्या मुलीची हकिगत राहिली. तिला स्थळ आलंय, मुलगा नागोठण्याकडचा, नोकरीला आहे. पुढच्या रविवारी बोलणी आहेत. तिच्या आईने मला बोलावलंय, “ताई, तुम्ही या, तुम्हाला बोलता येतं.” जाणार आहे. देण्याघेण्याचं कुणी काढलं तर मी आहेच. पण लग्नानंतर सरावाला सोडणार की नाही, स्पर्धेला चार दिवस बाहेर राहिले तर चालेल की नाही, हे ती स्वतः विचारणार आहे, चहा आणून ठेवल्यावर, उभ्याउभ्याच नको, खाली बसून. मी तिला म्हटलं, नाही म्हणाले तर? ती म्हणाली, “मग शनिवारी सामना आहे, तिकडे लवकर झोपता येईल.”